नव्वद दिवसांचा युरोप

ब्रिटनमधल्या भारतीय घरांत ब्रेग्झिटचा वाद ‘आपण विरुद्ध ते’ असा सरळ कधीच नव्हता. मतदानानंतरच्या एका मोठ्या सर्वेक्षणात आशियाई मतदारांपैकी साधारण एक-तृतीयांश लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याला कौल दिल्याचं दिसलं. त्यांची बाजू मराठीत फारशी कुणी मांडत नाही, आणि त्यांच्याच घरातल्या मुलांचं त्यात काय गेलं हेही कुणी सांगत नाही. म्हणून हा संवाद. यातले मामा आणि भाची कल्पित आहेत. त्यांच्या तोंडी आलेले कायदे, वर्षं आणि आकडे खरे आहेत. मामा मूळचा सावंतवाडीचा, २००४ साली संगणकाच्या नोकरीसाठी वर्क परमिटवर आला. भाचीचा जन्म रेडिंगचा, वय २६, नाटकं आणि गाण्याच्या कार्यक्रमांसाठी ती साउंडचं काम करते. २३ जून २०१६ ला मामानं बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं. ती तेव्हा सोळा वर्षांची होती.

भाची : उन्हाळ्यातला दौरा गेला, मामा. जाहिरातीतच लिहिलं होतं, युरोपीय संघाचा पासपोर्ट असेल तरच अर्ज करा.

मामा : व्हिसा काढून नाही जाता येत?

भाची : कुठकुठला काढू? ब्रिटिश पासपोर्टवर आता शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, तेही पाहुणी म्हणून. काम करायचं तर प्रत्येक देशाचा नियम वेगळा. एके ठिकाणी थोडे दिवस चालून जातं, शेजारच्या देशात पहिल्या दिवसापासून परवाना लागतो. आणि बँड आज एका गावात, परवा दुसऱ्या देशात. ट्रकचंही तेच. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या मोठ्या ट्रकला तिकडे मोजकेच थांबे घेता येतात, म्हणून ट्रक तिकडचा घेतात. ट्रक तिकडचा, मग माणसंही तिकडचीच. नावाजलेल्या साउंड इंजिनिअरसाठी कुणीतरी कागद करतं. केबल ओढणाऱ्या नवख्या पोरीसाठी कोण करणार?

मामा : मग काम मिळालं कुणाला?

भाची : स्विंडनच्या माझ्या मैत्रिणीला. तिचे आजोबा पेडण्याचे. पोर्तुगीज पासपोर्ट आहे तिच्याकडे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या एका वाक्यात दोन शतकांचा इतिहास आहे. पेडणं सावंतवाडीपासून तासाभराच्या आत. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते सावंतवाडीकरांच्याच ताब्यात होतं, मग पोर्तुगिजांकडे गेलं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांसाठी, त्यांच्या मुलांसाठी आणि नातवंडांसाठी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवण्याची वाट होती. भारताचा पासपोर्ट मात्र परत करावा लागतो, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. हजारो गोंयकारांनी ही किंमत मोजली, आणि त्यांतले कितीतरी जण पोर्तुगालात राहायला गेलेच नाहीत. त्यांनी थेट साउथॉल, हाउन्स्लो, नाहीतर स्विंडन गाठलं. गोदामं, कारखाने, इस्पितळांतली साफसफाई अशी मिळतील ती कामं केली, मुलांना शिकवलं. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रिटनची ही वाट बंद झाली. त्याआधी स्विंडनला पोचलेल्या बहिणीला राहण्याचा हक्क मिळाला. मागे गोव्यात राहिलेल्या भावाचा तोच पासपोर्ट ब्रिटनमधल्या नोकरीसाठी कामाचा राहिला नाही. पॅरिस, बर्लिन त्याला अजूनही मोकळं आहे. आणि स्विंडनमध्ये वाढलेल्या त्या मुलीलाही. तिच्या शेजारी राहणाऱ्या, ज्याच्या पिढ्यान् पिढ्या इंग्लंडातच गेल्या त्या मुलाला नाही.

मामा : हेच मी दहा वर्षं सांगतोय. तिच्या आजोबांवर पोर्तुगीज राज्य करत होते, माझ्या आजोबांवर सावंत-भोसले. एवढ्यावरून तिच्या घरच्यांना अख्खा युरोप मोकळा, आणि मला कंपनीचं पत्र, पगाराचा दाखला, वर्क परमिट. मी आलो त्याच वर्षी, १ मे २००४ ला, पोलंड, लिथुआनिया धरून दहा नवे देश संघात आले. जुन्या सदस्यांपैकी तिघांनीच, ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननं, आपला कामाचा बाजार त्यांना लगेच खुला केला. माझ्या शेजारी क्राकोवहून बसनं आलेला मुलगा राहायचा. चांगला मुलगा होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला कुणी काही विचारलं नाही आणि मला सगळं विचारलं. तेव्हा हा अन्याय कुणाला दिसला नाही. आता तो तुमच्यापर्यंत आला, तर मुक्त संचार, मुक्त संचार.

भाची : अन्याय होता, मान्य. पण तो दूर करायला तू काय केलंस? ज्याच्याकडे नव्हतं त्याला द्यायचं सोडून, ज्याच्याकडे होतं त्याचं काढून घेतलंस.

मामा : काढून घेतलं नाही. रांग सगळ्यांना एक केली. १ जानेवारी २०२१ पासून पोलंडचा मुलगा आणि पुण्याचा मुलगा एकाच खिडकीवर उभे आहेत. त्याच वर्षी जुलैत शिक्षणानंतर दोन वर्षं राहून काम करण्याचा व्हिसा परत आला. २०२३ मध्ये भारतातल्या १८ ते ३० वयाच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांची योजना सुरू झाली, वर्षाला ३,००० जागा. आपल्याकडची किती मुलं त्यानंतर इथे आली बघ. संधी तरुणांची गेली म्हणतेस, कुठल्या तरुणांची? कोल्हापूरचा मुलगा तरुण नाही?

मामाचं हे म्हणणं बाजूला सारता येत नाही. ‘मुक्त संचार’ हा शब्द आपण युरोपबद्दल इतक्या कौतुकानं वापरतो की त्या मोकळ्या अंगणाला बाहेरून किती उंच भिंत होती हे विसरतो. ती भिंत मामानं पाहिली आहे, मी ती पाहणाऱ्यांचं ऐकत आलो आहे. तरीही त्याच्या मांडणीत एक मोठी गफलत आहे, आणि भाची तिथेच बोट ठेवते.

भाची : शिक्षणानंतरचा तो व्हिसा २०१२ मध्ये बंद कुणी केला होता? ब्रसेल्सनं? लंडनच्या गृहखात्यानं, थेरेसा मे मंत्री असताना. भारतीय मुलांना किती आणि कसं घ्यायचं, हे संघात असतानाही ब्रिटनच्याच हातात होतं. एक दार बंद केलं म्हणून दुसरं उघडलं असं नाहीच. आणि जे उघडलं तेही पुन्हा लोटायला लागलेत. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बहुतेक पदवीधरांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम राहण्यासाठीची पाच वर्षांची अट दहावर न्यायचा प्रस्ताव आला. कोल्हापूरच्या त्या मुलानं कर्ज काढलंय दोन वर्षांच्या हिशेबानं.

मामा : सरकारं नियम बदलतातच.

भाची : तुझ्या वेळीही बदलला होता ना? आईनं सांगितलंय मला.

मामा : हो. चार वर्षांनी कायमचं राहता येईल या अटीवर आलो होतो. एप्रिल २००६ मध्ये चाराची पाच झाली, आणि आधीच इथे असलेल्यांनाही लागू झाली. त्याच वर्षी उच्चकुशल लोकांच्या योजनेचे निकषही मधेच बदलले. त्यांतले लोक कोर्टात गेले आणि २००८ मध्ये जिंकले. आम्ही वर्क परमिटवाले गप्प बसलो. घर घ्यायचं पुढे ढकललं. तुझी मामी तर बॅगा रिकाम्या करायलाच तयार नव्हती.

भाची : मग तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं, मामा. परवानगीवर राहिलेला माणूस आहेस तू. परवानगी देणारा ती कधीही बदलतो. हक्काचं तसं नसतं. युरोपात जाणं आमचा हक्क होता. कुणी विचारायचं नाही, का आलीस, किती पगार, कोणाचं पत्र. तू मत दिलंस ते सगळ्यांनी परवानगीवर जगावं म्हणून. तुझ्या रांगेत मला उभं केलंस, पण त्यानं तुझी रांग एका माणसानंही कमी झाली नाही.

मामा : ‘आमचा हक्क’ म्हणतेस. आमचा म्हणजे कुणाचा? बाहेर पडायला सर्वांत जास्त मतं कुठे पडली? लिंकनशरमधल्या बॉस्टनला, ७५.६ टक्के. कोबी-बटाट्याच्या शेतांत पूर्व युरोपातली माणसं राबत होती, भाडी वाढली, दवाखाने भरले. तिथल्या मुलाला फ्रेंच येत नाही, जर्मन येत नाही. तो कधी बार्सिलोनाला गेला? इरास्मस योजनेवर परदेशी विद्यापीठात एक सत्र कोण करत होतं? ज्यांच्या आईवडिलांना परवडत होतं ती मुलं. हक्क कागदावर सगळ्यांचा होता, वापरला ठरावीक घरांनी.

भाची : ऐंशीच्या दशकात न्यूकॅसलचे गवंडी काय फ्रेंच शिकून गेले होते? १९८३ ची मालिका आहे ना, ‘आउफ वीडरझेन, पेट’, इंग्लंडात काम नाही म्हणून ड्युसेलडॉर्फला बांधकामावर गेलेल्या कामगारांची. लोकांना ती एवढी आवडली, कारण असे गवंडी खरोखर होते. आल्प्समध्ये हिवाळाभर शॅलेत जेवण रांधणारी, खोल्या आवरणारी मुलं सगळी ऑक्सफर्डची नव्हती. स्पेनच्या बारमध्ये, ग्रीसच्या बोटींवर काम करणारी तर नव्हतीच. पदवी नाही, पैसे नाहीत, पण जाता येतं, म्हणून ती जायची. आज तीच जाऊ शकत नाहीत. बँकेत नोकरी करणाऱ्याला बँक फ्रँकफर्टला पाठवते, व्हिसासकट. ज्याची आजी आयर्लंडची, तो आयरिश पासपोर्ट काढतो. उरतो तुझा बॉस्टनचाच मुलगा. त्याचं नाव पुढे करून मत मागितलं, आणि नुकसान त्याचंच सर्वांत जास्त झालं.

मामा : त्याला जायचंच नव्हतं.

भाची : सोळाव्या वर्षी कुणाला माहीत असतं कुठे जायचंय ते? तुझे काका मुंबईला गेले तेव्हा त्यांना माहीत होतं का?

हा प्रश्न मामाला लागला, आणि तो मराठी माणसाला लागावाच असा आहे. कोकणातला मुलगा मुंबईला जायचा तो नोकरीचं पत्र घेऊन नव्हे. गिरणगावात गावकीची खोली असायची. तिथे पथारी टाकायला जागा, खानावळीत उधारीवर ताट, पाळ्यांप्रमाणे झोपणं. काम नंतर मिळायचं, बरेचदा ओळखीनं, बदली कामगार म्हणून. पोस्टातून मनीऑर्डर सुरू व्हायची ती त्याच्याही नंतर. आधी जाणं आणि मग जमणं, असा क्रम होता. मुंबईत उतरताना कुणी त्याला विचारलं असतं, तुझ्याकडे अमुक इतक्या पगाराचं पत्र आहे का, तर निम्मं कोकण घरी परतलं असतं. पुढे राज्यघटनेनं देशात कुठेही फिरण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमात लिहून दिला. आपल्याला तो इतका अंगवळणी पडला आहे की तो नसता तर काय झालं असतं, याचा आपण विचारही करत नाही.

मुक्त संचार गेल्यावर तरुणांचं नेमकं काय जातं, याचं उत्तर मला या क्रमात दिसतं. व्हिसा आधी विचारतो, तू कोण आहेस: पदवी दाखव, पगार दाखव, बँकेतली शिल्लक दाखव. तरुण माणूस अजून कोणीच झालेला नसतो. तो काहीतरी होण्यासाठीच निघालेला असतो. चाळिशीतल्या डॉक्टरची संधी व्हिसामुळे फार तर लांबते. विशीतल्या मुलाची मात्र सुरूच होत नाही, आणि ती सुरू झाली नाही याची नोंद कुठल्याही आकड्यात होत नाही. नाकारलेले अर्ज मोजता येतात, न केलेले अर्ज कोण मोजणार?

मामा : मुंबईचं उदाहरण देतेस, तर पुरतं दे. बाहेरच्यांना आवरा म्हणणारे मुंबईतही होते, १९६६ पासून संघटित होते, आणि त्यांच्या मागे गेलेली मुलं दुष्ट नव्हती, बेकार होती. मागे राहिलेल्या गावाचं काय होतं तेही बघ. कोकणात घरोघर म्हातारे आणि बंद खोल्या. लाटव्हिया, बल्गेरिया, रुमानिया, सगळीकडे तेच झालं. तरुणांना मोकळं सोडलं की ते श्रीमंत गावाकडेच जातात. त्यांची संधी म्हणजे त्यांच्या गावाची तूट.

भाची : ते खरं आहे. पण गावाची तूट भरायला मुलाला गावात कोंडायचं? आणि ब्रिटननं काही बल्गेरियाच्या काळजीपोटी दार लावलं नाही.

(बल्गेरियाची ही दुखरी बाजू भाचीनं फार लवकर सोडली, असं मला वाटतं. युरोपीय संघानं संचार मोकळा केला, पण रिकाम्या होणाऱ्या प्रांतांच्या वाट्याला आलेला निधी त्या वेगाला पुरा पडला नाही. याचं उत्तर मामाकडे नाही, तसं भाचीकडेही नाही.)

मामा : इरास्मस तर परत येतंय ना?

भाची : २०२७ मध्ये. १९८७ साली ते सुरू झालं तेव्हापासून ब्रिटन त्यात होता. जानेवारी २०२० मध्ये बोरिस जॉन्सननी संसदेत सांगितलं, त्याला धोका नाही. त्याच वर्षी २४ डिसेंबरला सोडून दिलं. बदली ट्युरिंग योजना काढली, पहिल्या वर्षी ११ कोटी पौंडांची, पण तिच्यात फक्त जाणाऱ्यांना पैसे. तिकडून येणाऱ्यांसाठी काही नाही. देवाणघेवाण राहिलीच नाही. वेल्सला ते इतकं खुपलं की त्यांनी स्वतःचे पैसे घालून ‘ताइथ’ नावाची वेगळी योजना उभारली, येणाऱ्यांनाही धरून. डिसेंबर २०२५ मध्ये परतायचं ठरलं. मधल्या वर्षांत अठराव्या-विसाव्या वर्षात असलेल्यांना ती वर्षं कुणी परत देणार नाही. आणि इरास्मसमध्ये शिकाऊ कामगारही जायचे हे तू विसरतोस. सुतारकाम शिकणारा मुलगासुद्धा जाऊन येऊ शकत होता.

मामा : मी ते विसरलो नाही. मला ते माहीतच नव्हतं.

भाची : फ्रान्सहून सहलीला येणाऱ्या शाळेच्या मुलांचं माहीत आहे? आधी ती ओळखपत्रावर यायची. ऑक्टोबर २०२१ पासून पासपोर्टची सक्ती झाली. वर्गातल्या काही मुलांकडे पासपोर्ट नसतो, काहींना तर व्हिसाही लागायचा, म्हणून शाळांनी सहली आयर्लंडकडे, माल्टाकडे वळवल्या. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये फ्रेंच शाळांच्या गटांना सूट द्यावी लागली. बारा वर्षांच्या मुलांना थांबवून देशाचं काय राखलं, हे मला कुणीतरी सांगावं.

मामा : ते चुकलंच. पण मतपत्रिकेवर सहलीचा प्रश्न नव्हता.

भाची : माझाही नव्हता. तुझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता तेव्हा. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून तुला मत होतं. बारा वर्षं इथे कर भरणाऱ्या तुझ्या त्या क्राकोवच्या शेजाऱ्याला नव्हतं. मला नव्हतं. दोनच वर्षं आधी स्कॉटलंडच्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनी मतदान केलं होतं. अठरा ते चोवीसमधल्या ज्यांना मत होतं, त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी संघात राहू म्हटलं, असं सर्वेक्षणं सांगतात. ज्यांना सर्वांत जास्त वर्षं हे भोगायचं होतं, त्यांचं ऐकलं गेलं नाही.

मामा : मतं मोजतात, वर्षं मोजत नाहीत. तसं केलंस तर म्हाताऱ्यांना मतच उरणार नाही. (थोड्या वेळानं) मात्र एक सांगतो. मी मत दिलं तेव्हा तुझा विचार केला होता. इथे बाहेरची गर्दी कमी झाली तर तुम्हा मुलांना घरं मिळतील, पगार वाढतील, असं वाटलं होतं. तुम्हाला बाहेर जायचं असेल हे डोक्यात आलं नाही. आम्ही इथे पोचायला एवढं केलं. इथून कुणाला जायचं असेल असं कसं वाटणार?

हे वाक्य मी मामाच्या तोंडी मुद्दाम घातलं आहे, कारण स्थलांतर करून आलेल्या पिढीची खरी अडचण मला इथे दिसते. आलेल्याला आपण पोचलो ते ठिकाण शेवटचं वाटतं. त्याच्या मुलांसाठी तेच सुरुवातीचं असतं.

भाची : आता निदान पुढचं बघू. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगानं सुचवलं होतं, १८ ते ३० वयाच्यांनी एकमेकांकडे चार वर्षांपर्यंत राहावं, शिकावं, काम करावं, संख्येचं बंधन नाही. तेव्हाच्या सरकारनं आणि विरोधी पक्षानं, दोघांनी नाही म्हटलं. मे २०२५ मध्ये लंडनच्या बैठकीत ‘युवा अनुभव योजने’वर बोलायचं ठरलं. आता ब्रिटनला वर्षाकाठी किती जण यावेत यावर मर्यादा हवी आहे.

मामा : हवीच. भारताला ३,००० ची आहे, ऑस्ट्रेलियालाही मर्यादा आहे. युरोपालाच का नको?

भाची : त्या ३,००० साठी सोडत निघते, मामा. आधी पदवी हवी, मग खात्यात २,५३० पौंड दाखवायचे, आणि वर दवाखान्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. सावंतवाडीतला आयटीआय झालेला मुलगा यात कुठे बसतो? तुझ्या बॉस्टनच्या मुलासाठी युरोपची योजनाही अशीच निघाली, तर पुन्हा तीच घरं जातील.

मामा : मग खासदाराला लिहितो. पदवीची अट नको, शिकाऊ कामगारांना घ्या, फी परवडेल अशी ठेवा. आणि भारतीय मुलांच्या योजनेतूनही पदवीची अट काढा.

भाची : नोकरीचं पत्र आधी मागू नका, हेही लिही.

मामा : लिहितो. पण संख्येवर मर्यादा असावी, असंही लिहिणार.

भाची : ते लिहिणार असशील तर मी सही करणार नाही. मी माझं वेगळं पत्र पाठवते.